खांब कुणाचे, कमान कुणाची

अहमदाबादच्या जामा मशिदीबद्दल मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा कुठल्याही भाषेतला मजकूर वाचायला घ्या, दोन-तीन वाक्यांच्या आत ‘मिश्रण’ हा शब्द भेटतोच. कधी तो ‘संगम’ होऊन येतो, कधी ‘मिलाफ’, कधी ‘समन्वय’. जरा भावुक लेखक असला तर ‘गंगा-जमुनी’. इस्लामी शैली आणि स्थानिक हिंदू-जैन शैली यांचं सुंदर मिश्रण. शब्दामागचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो वाक्यात करत असलेल्या कामाबद्दल. तो आला की वाक्य संपतं, आणि त्याबरोबर इमारतीकडे पाहणंही संपतं.

अनुवादाच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली की अशा शब्दांसाठी कान तयार होतो. मजकुरातली अडचणीची जागा आली की एखादा गोल, गुळगुळीत शब्द टाकून पुढे सरकायची सोय प्रत्येक भाषेत असते. ‘मिश्रण’ हा वास्तुकलेवरच्या लेखनातला असा सोयीचा शब्द आहे. मिश्रण म्हटलं की घटक मोजता येतात: खांब देवळाचे, कमान इराणची, जाळी गुजरातची, घुमट दोघांचा थोडाथोडा. पण १४२४ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत कुणीतरी काही ठरवलं होतं, काही नाकारलं होतं, एखाद्या जागी फसलंही होतं. याचा हिशेब त्या यादीत कुठेच लागत नाही. आणि ज्या इमारतीत निर्णयच दिसत नाहीत तिची समीक्षा करायची तरी कशी? तिची फक्त स्तुती करता येते, किंवा तिच्यावर दावा ठोकता येतो.

दावा ठोकणारे आहेतच. खांबावर घंटा दिसली, कमळ दिसलं, कीर्तिमुखासारखं काही दिसलं की त्यांचा निकाल तयार असतो. या मशिदीच्या मुख्य कमानीजवळच्या काळ्या शिळेखाली जैन मूर्ती उलटी पुरलेली आहे, ही ऐकीव कथा मार्गदर्शक पुस्तकं एकमेकांतून उतरवत आली आहेत. पुरावा मागण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. गंमत अशी की ‘संगम’वाले आणि ‘दावा’वाले एकमेकांचे कट्टर विरोधक असले तरी त्यांची वाचायची पद्धत एकच आहे. दोघंही इमारत सुटी करतात, तुकड्यांवर मालकाचं नाव लिहितात आणि मग एक जण म्हणतो, बघा किती छान नांदतायत. दुसरा म्हणतो, बघा आमचा माल. हे आता केवळ लेखनशैलीचं प्रकरण राहिलेलं नाही. आपल्या काळात खांबांवरच्या नक्षीचे फोटो न्यायालयात दाखल होतात. तेव्हा नक्षी कशी वाचावी हा प्रश्न वाङ्‌मयीन चर्चेइतका निरुपद्रवी उरत नाही.

या मोजणीची सुरुवात जुनी आहे. जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या इतिहासग्रंथात ‘इंडियन सॅरसेनिक’ नावाची एक मोठी पेटी केली आणि तिच्यात प्रांतवार खण पाडले. अहमदाबादचा खण त्याच्या खास आवडीचा. डौलाच्या बाबतीत तो या शैलीला फार वरची जागा देतो. पण डौलाचं श्रेय तो स्थानिक, म्हणजे त्याच्या भाषेत हिंदू-जैन, अंगाला देतो. त्यानंतर जेम्स बर्जेसने १९०० आणि १९०५ साली दोन खंडांत शहरातल्या मुस्लिम वास्तूंचे आराखडे, मोजमापं आणि चित्रं छापली. आजही त्या खंडांशिवाय या विषयात पान हलत नाही. दोघांचं ऋण मोठं आहे. पण पेटी आणि खण मात्र आपण त्यांच्याकडून जसेच्या तसे उचलले, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांवर राष्ट्रीय एकात्मतेचं लेबल चिकटवलं.

खणच चुकीचे पाडले आहेत, हे दाखवायला फार लांब जावं लागत नाही. मदिनेत पैगंबरांची मशीद होती तिला कमान नव्हती, मिनार नव्हता, घुमट नव्हता, कोरीव मेहराबही नव्हता. खजुराच्या बुंध्यांचे खांब आणि वर खजुराच्या झावळ्यांचं छप्पर. पोकळ कोनाड्यासारखा मेहराब तिथे आला तो आठव्या शतकाच्या आरंभी, खलिफा वलीदच्या काळात. म्हणजे खांबांची रांग आणि त्यांवर टेकलेलं सपाट छत ही रचना इस्लाममध्ये कमानीपेक्षा जुनी. उलट ज्याला आपण डोळे मिटून ‘इस्लामी’ म्हणतो ती कमान आणि तो घुमट सासानी इराणमधून, बायझंटाइन सीरियातून उचललेला. अहमदाबादेत २६० खांब पाहून ‘हे देवळाचं’ म्हणणारा आणि कमान पाहून ‘हे इस्लामचं’ म्हणणारा, दोघंही हिशेबाची वही उलटी धरून बसले आहेत. भाषेचंच उदाहरण घ्या. आपण ज्याला नमाज म्हणतो तो शब्द अरबी नाही, फारसी आहे. अरबी शब्द ‘सलात’. या मिश्रणातला ‘इस्लामी’ म्हणून वेगळा काढलेला घटकच इथे येईपर्यंत दोन-चार भाषांतून गेलेला होता.

आता इमारतीकडे वळू. माणेकचौकाच्या गर्दीतून आत आलं की साधारण ७५ मीटर लांब आणि ६६ मीटर रुंद असं अंगण लागतं, मध्ये वजूचा हौद. पश्चिमेला प्रार्थनेचा दिवाणखाना. त्याचा दर्शनी भाग पाहताना एक अडचण लक्षात घ्यायला हवी, जी या प्रांतातल्या प्रत्येक मोठ्या मशिदीपुढे होती. दिल्लीहून आलेली रीत अशी, की खांबांच्या दालनापुढे कमानींची एक जाड भिंत पडद्यासारखी उभी करायची. १३२५ च्या खंभातच्या जामी मशिदीत ही रीत इमानाने पाळलेली आहे. पुढे कमानींची भिंत, मागे खांबांचं जंगल. आणि भिंतीला मागच्या जंगलाची काही खबर नाही. दर्शनी भाग एक भाषा बोलतो, आतली जागा दुसरी. अहमदशहाने शहर वसवल्यावर लगेच, १४१४ मध्ये, भद्र किल्ल्याजवळ बांधलेल्या छोट्या मशिदीतही ही ओढाताण दिसते.

जामा मशिदीच्या सूत्रधाराने इथे जे केलं त्याला मी निर्णय म्हणते. त्याने कमानींची भिंत पूर्ण रुंदीवर नेलीच नाही. मधल्या भागापुरती ती ठेवली, आणि दोन्ही टोकांना भिंत काढून टाकून खांब उघडे सोडले. मध्ये जड दगडी वस्तुमान आणि एक उंच टोकदार कमान; कडेला हवा, सावली, सडसडीत खांबांची ओळ. त्यामुळे आत खांब आहेत हे बाहेरूनच कळतं. मोठ्या कमानीतून आत पाहिलं तर मागे दोन खांबांमध्ये एक नाजूक, नागमोडी कमान दिसते. तिचा घाट देवळाच्या तोरणाचा. आता हे ‘इस्लामी कमानीमागे हिंदू तोरण’ असं वाचता येईल, आणि वाचलं जातंच. मला ते एका वाक्यातल्या दोन उपवाक्यांसारखं दिसतं: पहिलं वजनदार, दुसरं त्याचाच अर्थ हलक्या आवाजात पुढे नेणारं. पहिल्याशिवाय दुसरं उघडं पडलं असतं, दुसऱ्याशिवाय पहिलं उद्धट वाटलं असतं.

आत गेल्यावर खांबांचं काम बदललेलं आहे. हेमाडपंती देवळाचा मंडप ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत असेल, तिथले खांब तुम्हाला एका दिशेने हाकतात. उजेड कमी होत जातो, जागा आवळत जाते, शेवटी गाभारा. मशिदीला गाभारा नाही. तिथे माणसं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहणार, आणि त्या रांगा, सफ, आडव्या पसरणार. म्हणून हे दालन खोल कमी आणि रुंद जास्त आहे: साधारण २१० फूट रुंद, ९५ फूट खोल. कुंभी, स्तंभ, भरणी, शिरावटी, पाट हे खांबाचे सगळे भाग शिल्पशास्त्रात सांगितल्या क्रमाने आहेत, सूत्रधाराने त्यात काही नवं शोधलेलं नाही. पण त्याने खांब सडपातळ केले, अंतरं वाढवली आणि पंधरा मोठे घुमट पाच-पाचांच्या तीन ओळींत मांडले. मधलं छत उंच उचललं, त्याभोवती सज्जे फिरवले आणि सज्ज्यांना जाळ्या लावल्या. ऊन सरळ आत येत नाही, जाळीतून गाळून, वरून येतं. देवळात जो अंधार पुढे घट्ट होतो, त्याच्या जागी इथे मधोमध वरून उतरणारा उजेड आहे. तीच शब्दसंपदा, वाक्यरचना दुसरी.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही, आणि हे म्हणायला ‘मिश्रण’वाले कधी तयार नसतात. दालनाच्या उत्तर-दक्षिण टोकांकडे गेलं की तीच रचना पुन्हा पुन्हा येते आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी होते. मधल्या भागात जी कल्पकता ओतली आहे तिचा कडेपर्यंत थेंब पोचत नाही. दुसरं, २६० खांब म्हणजे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या नजरेत आणि मध्ये येणारे २६० अडथळे. इराणी पद्धतीच्या एका प्रशस्त घुमटाखाली ही अडचण उद्भवत नाही. इथल्या कारागिरांच्या हाताला दगडी तुळई-खांब जितका वश होता तितकं विटेचं मोठं छत नव्हतं. जे येत होतं त्यात त्यांनी कमाल केली. ही मर्यादा मान्य केल्यानं मशीद लहान होत नाही. उलट मधला भाग त्यांनी किती अडचणीतून काढला आहे ते कळतं.

या इमारतीतली माझी सर्वांत आवडती जागा मात्र बाहेर आहे. मुख्य कमानीच्या दोन्ही अंगांना मिनारांचे बुंधे आहेत, देवळाच्या बाह्यभिंतीसारखे थरांवर थर चढवलेले. त्या थरांत कोनाडे आहेत. देवळात अशा कोनाड्यात देवता उभी असते. कोनाड्याची चौकट, वरचं छज्जेवजा शिखर, दोन्हीकडचे छोटे खांब, सगळं तिच्यासाठी. इथे चौकट पूर्ण आहे आणि देवता नाही. तिच्या जागी वेलबुट्टी, झाडाचा घाट किंवा साखळीने टांगलेला दिवा. मूर्ती चालणार नाही हे कळल्यावर कोनाडाच काढून टाकणं सोपं होतं, सपाट भिंत ठेवता आली असती. कारागिरांनी ती सोय नाकारली. कोनाडा राखला आणि त्यात काय ठेवायचं याचा नव्यानं विचार केला. साखळी आणि घंटा देवळाच्या खांबांवर शतकानुशतकं कोरली जात होती. इथे घंटेच्या जागी दिवा आला, आणि कुराणात ईश्वरी प्रकाशासाठी कोनाड्यातल्या दिव्याची प्रतिमा आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो दिवा लगेच वाचता येईल. छिन्नी चालवणाऱ्याला ती प्रतिमा माहीत होती का? कुणीतरी त्याला सांगितलं असेल, किंवा हात सवयीने गेला असेल. दोन्ही शक्यता मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला ‘प्रभाव’ या शब्दापासून सावध राहायला शिकवलं गेलं. कोणाचा कोणावर प्रभाव, हा प्रश्न बहुतेक वेळा सावकारीचा असतो: कोण देणेकरी, कोण घेणेकरी. ‘मिश्रण’ हा त्याचाच सभ्य चुलतभाऊ आहे. त्याचं सर्वांत मोठं पाप असं, की तो हिंसाही झाकतो. ज्या अहमदशहाने ही मशीद बांधली त्यानेच सिद्धपूरचा रुद्रमहालय पाडला आणि त्याच्या एका भागाची मशीद केली. भद्रजवळच्या १४१४ च्या मशिदीत देवळांतून आणलेले खांब साध्या डोळ्यांना दिसतात. हे ‘संगम’ म्हणून सांगणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे. पण तेवढंच सांगून थांबणं हीदेखील फसवणूकच. कच्छमधल्या भद्रेश्वरला ११५९-६० सालचा लेख असलेली इब्राहिमची दर्गा आहे आणि त्याच काळातल्या मशिदी आहेत. गुजरातेत सुलतान यायला तेव्हा दीडशे वर्षं अवकाश होता. कुणाची सक्ती नव्हती, देऊळ पाडलेलं नव्हतं. व्यापारी मुसलमानांनी स्थानिक सूत्रधारांकडून मशीद बांधून घेतली आणि ती स्वाभाविकच स्थानिक दिसली. रुद्रमहालयातला खांब आणि भद्रेश्वरचा खांब दिसायला भावंडं असतील, पण त्यांची हकीकत वेगळी आहे. नक्षी पाहून हकीकत ठरत नाही. प्रत्येक इमारतीचं वेगळं वाचन करावं लागतं.

असं वाचन कसं करावं, याचा मला सापडलेला सर्वांत चांगला धडा एका न उरलेल्या मशिदीचा आहे. १२६४ साली होर्मुझचा नाखुदा नुरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणला मशीद बांधली. तिचे दोन लेख आहेत, एक संस्कृत आणि एक अरबी. संस्कृत शिलालेख वेरावळला हर्षद मातेच्या देवळाच्या भिंतीत सापडला, म्हणजे इथे मशिदीचा दगड देवळात गेलेला. त्यात मशिदीला ‘मिजिगिति’ म्हटलं आहे, जमातीला ‘जमाथ’. ईश्वराला विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप ही विशेषणं आहेत, आणि पैगंबर येतात ते बोधक म्हणून. साल चार पद्धतींनी दिलं आहे: हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१. व्यवस्थेचा तपशील बारीक आहे: जमीन कोणाच्या साक्षीनं मिळाली, उत्पन्न कशातून येणार, देखभाल कुणी करायची, उरलेले पैसे मक्का-मदिनेला पाठवायचे. खलाशी, घांची, चुनेकरी यांच्या जमाती त्यात आहेत. ‘मिजिगिति’ हा शब्द मला फार आवडतो. बंदरावरच्या बऱ्याच तोंडांतून गेल्याशिवाय ‘मस्जिद’चं असं रूप होत नाही. आपल्या ‘मशीद’मधूनही ‘ज’ असाच गळून पडला आहे.

अरबी लेख हा या संस्कृत लेखाचा अनुवाद नाही. त्यात सोमनाथ हे इस्लामचं शहर व्हावं अशी आशा व्यक्त झाली आहे. संस्कृतात तिचा मागमूस नाही. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय आणि रोमिला थापर यांनी या लेखांवर लिहिलं आहे ते मुळातून वाचावं. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे, की एकाच मशिदीने दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, एका भाषेत मैत्री आणि दुसरीत महत्त्वाकांक्षा, आणि दोन्ही खऱ्या होत्या. ‘मिश्रण’ या शब्दात हे मावत नाही. (मराठी वाचकासाठी एक जोड. जामा मशिदीपासून काही पावलांवर तीन दरवाजा आहे. त्यावर मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा १८१२ चा देवनागरी लेख आहे: मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळावा. न पाळणारा हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल आणि मुसलमान असेल तर अल्लाला, रसूलला. कायदा एक, धाक प्रत्येकाला त्याच्या भाषेत. आज्ञा कुणाची म्हणून सांगितली आहे? विश्वनाथाची.)

फिनबार फ्लड यांनी २००९ च्या ‘ऑब्जेक्ट्स ऑफ ट्रान्सलेशन’ या ग्रंथात अशा वस्तू आणि इमारती अनुवाद म्हणून वाचल्या, आणि मिश्रणाच्या तुलनेत ती फार मोठी सुधारणा आहे. आमच्या जमातीला तर ते वाचून बरंच वाटतं. तरी धंद्यातली माणूस म्हणून माझा एक आक्षेप आहे. अनुवादक कुणाला तरी बांधील असतो. समोर मूळ पान असतं. जामा मशिदीचं मूळ पान कुठे आहे? तिचा सूत्रधार दमास्कसची किंवा इस्फहानची एखादी इमारत गुजरातीत आणत नव्हता. त्याच्यासमोर दिशा होती, रांगा होत्या, मूर्ती नको ही अट होती आणि शुक्रवारी येणारी माणसं होती. तो त्या माणसांना बांधील होता. त्याच्या बिरादरीने या कामाला काय म्हटलं तेही आपल्यापाशी आहे. पंधराव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘वृक्षार्णव’ या संस्कृत वास्तुग्रंथात मशिदीवर एक प्रकरण आहे: ‘रहमाणप्रासाद’. प्रासाद म्हणजे देवालय. देवालयांचे नाना प्रकार शास्त्रात होतेच, त्यांत आणखी एक आला: रहमानचा. शास्त्रकाराला इथे दोन संस्कृतींची भेट दिसली नाही, एक नवीन प्रकारचं काम दिसलं. त्याचे नियम लिहून ठेवणं त्याला गरजेचं वाटलं.

शेवटी मिनारांबद्दल, कारण आपण आज जी मशीद पाहतो ती १४२४ ची पूर्ण मशीद नाही. १८१९ च्या कच्छच्या भूकंपाने मुख्य कमानीवरचे उंच मिनार गेले. रॉबर्ट ग्रिंडलेने १८०९ मध्ये काढलेल्या चित्रात ते उभे दिसतात. मजल्यामजल्याने वर चढणारे, सज्जे असलेले, अंगणाच्या उंचीचा सगळा अर्थच बदलणारे. उरले ते बुंधे, म्हणजे नेमका तो भाग जो देवळाच्या भिंतीसारखा थरांनी कोरलेला आहे. फर्ग्युसन आला तो भूकंपानंतर. आपणही नंतरचेच. या दर्शनी भागात ‘स्थानिक’ अंग इतकं भरून दिसतं याचं एक साधं कारण हेही आहे, की मिनारांचा वरचा भाग आता तिथे नाही. कमानीच्या छताच्या रेषेपाशी दोन्ही बुंधे एकाएकी संपतात.